गूगल फोटोज, एक हार्ड डिस्क आणि कोकणातला पावसाळा: बाळाच्या फोटोंसाठी काय पुरतं?

निकाल आधीच सांगतो. गूगल फोटोजचं पैसे भरून घेतलेलं खातं बाळाचे फोटो शोधायला फार छान आहे, साठवायला बरं आहे, पण एकमेव प्रत म्हणून भरवशाचं नाही. जोडीला डिस्क लागतेच. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहत असाल तर एक नाही, दोन ठिकाणी डिस्क ठेवाव्या लागतात आणि त्यातलं एक ठिकाण कोकणाबाहेरचं लागतं. गूगल, घरची डिस्क आणि बाहेरची डिस्क या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय या सेवेला गुण देण्यात अर्थ नाही, म्हणून इथे तिन्हींबद्दल लिहिलं आहे.

पहिला प्रश्न जागेचा. जून २०२१ पूर्वीचं 'अमर्याद फुकट' आता विसरा. फुकट १५ जीबी मिळतात, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत मिळून. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्याच १५ जीबीत मोजला जातो. आता हिशेब करा. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा. पहिल्या वर्षात महिन्याला सहाशे फोटो सहज निघतात, म्हणजे सुमारे अडीच जीबी. शिवाय अर्ध्या तासाचे व्हिडिओ धरा. १०८०पी (फुल एचडी) वर मिनिटाला शंभरेक एमबी, म्हणजे आणखी तीन जीबी. महिन्याला साडेपाच, वर्षाला पासष्टच्या घरात. फुकटचे १५ जीबी तीन महिन्यांत, उष्टावणाच्याही आधी, संपतात. १०० जीबी दीड वर्ष पुरतात. १०० जीबीचा दर बरीच वर्षं महिन्याला १३० किंवा वर्षाला १,३०० रुपये राहिला आहे. आजचा दर ॲपमध्ये दिसतो, तो पाहूनच वर्षाचे पैसे भरा.

कॅमेरा ४के वर असेल तर हा सगळा हिशेब कोसळतो. ४के व्हिडिओचं एक मिनिट साडेतीनशे एमबीपर्यंत जातं. रांगणारं बाळ १०८०पी वरही तेवढंच गोड दिसतं. ४के बारशाला आणि पहिल्या वाढदिवसाला पुरे, एरवी सेटिंग खाली आणा.

बॅकअपचा दर्जा 'ओरिजिनल' ठेवायचा की 'स्टोरेज सेव्हर'? दुसऱ्यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात, बाकीचेही दाबले जातात आणि व्हिडिओ १०८०पी वर येतात. घरच्या डिस्कवर मूळ प्रत नक्की असेल तर स्टोरेज सेव्हरने काही बिघडत नाही, छापायलाही तो पुरतो. डिस्क अजून घेतलेली नसेल तर मात्र ओरिजिनलच ठेवा. आणि वेबसाइटच्या सेटिंगमध्ये जागा परत मिळवण्याचा जो पर्याय आहे, तो आधी चढवलेले मूळ फोटोही कायमचे दाबतो. तिथे मागे फिरता येत नाही.

आता कोकणातली खरी अडचण: नेट. जाहिरातीत डाउनलोडचा वेग असतो, आपल्याला लागतो अपलोडचा. ६० जीबी साचलेले असतील तर ५ एमबीपीएसने चढायला सलग सत्तावीस तास लागतात. वाडीत एखादा बारचाच टॉवर असेल आणि १ एमबीपीएस मिळत असेल तर साडेपाच दिवस, तेही मधे लाइट न जाता. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर चढवायचं म्हटलं तर बाकी काहीही न पाहता चाळीस दिवस. म्हणून साचलेला माल घरून चढवायच्या फंदात पडू नये. लॅपटॉपवर सगळं गोळा करावं आणि रत्नागिरी, कुडाळ, चिपळूण किंवा मुंबईत ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्या घरी एका रात्रीत ब्राउझरमधून चढवावं. त्यानंतर रोजचे वीसएक फोटो घरच्या नेटवरही चढतात.

मोबाइल डेटावर बॅकअप चालू ठेवायचा असेल तर ॲपमध्ये रोजची मर्यादा लावता येते आणि व्हिडिओ वेगळे बंद करता येतात. व्हिडिओ बंदच ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांचं नेट संपेल. बॅकअप दिवसेंदिवस 'चालू आहे' म्हणतो पण आकडा हलत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण फोनच्या बॅटरी बचतीत असतं: ती ॲपला पाठीमागे चालू देत नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये फोटोज ॲपवरचा निर्बंध काढा, फोन रात्री चार्जिंगला लावा आणि ॲप एकदा उघडून ठेवा.

एक सेटिंग बरेच लोक बघतच नाहीत. अँड्रॉइडवर मूळचा बॅकअप फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा होतो. व्हॉट्सॲपवर मावशीने पाठवलेले फोटो त्यात नसतात. 'डिव्हाइस फोल्डर्स'मध्ये जाऊन ते फोल्डर चालू करावं लागतं. पण सरसकट चालू केलंत तर गुड मॉर्निंगची फुलं, पतसंस्थेच्या सभेच्या नोटिसा आणि गावकीच्या पावत्या सगळं बाळाच्या शेजारी जाऊन बसतं. त्यापेक्षा व्हॉट्सॲपमधले हवे तेवढे फोटो निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि तेच फोल्डर बॅकअपला लावा.

ॲपचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे चेहरे ओळखणं. पण तान्ह्या बाळांच्या बाबतीत ते पहिल्या वर्षात चुकतं, आणि ते स्वाभाविक आहे. पाचवीच्या दिवशीचा सुजलेला चेहरा, जावळ काढल्यानंतरचं गुळगुळीत डोकं आणि दहाव्या महिन्यातले गाल यांत ॲपला तीन वेगळी माणसं दिसतात. उपाय सोपा आहे. तिन्ही गटांना अगदी एकसारखं नाव द्या. ॲप विचारतं, हे एकच का? हो म्हणा, गट जुळतात. महिन्यातून एकदा हे केलंत तर पुढे ॲप स्वतःच जुळवत जातं. भावंडं सारखी दिसत असतील तर उलटी भानगड होते: थोरल्याचे तान्हेपणीचे फोटो धाकटीच्या गटात शिरतात. ते निवडून गटातून काढता येतात, फोटो पुसला जात नाही. एकदा गट नीट झाला की 'आजी' आणि बाळाचं नाव एकत्र शोधलं की दोघं सोबत असलेले फोटो समोर येतात. हे काम हाताने करायचं तर महिने जातील. इथे गूगलला पूर्ण गुण.

गुण कापावे लागतात ते पुसण्याच्या बाबतीत. हे ॲप बॅकअपपेक्षा आरशासारखं वागतं. फोनवरच्या ॲपमध्ये फोटो डिलीट केला की तो ढगातूनही, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवरूनही, जातो आणि त्याच खात्यावर असलेल्या दुसऱ्या फोनमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो कचऱ्यात ६० दिवस राहतो, न झालेला ३०, नंतर कायमचा गेला. बरेच घोटाळे असे होतात: फोनची जागा भरली, 'फ्री अप स्पेस' दाबलं, फोनमधल्या प्रती गेल्या. इथपर्यंत ठीक. मग महिन्याभराने कुणीतरी ॲपमध्येच बसून 'नको ते' डिलीट केलं, या समजुतीने की ढगात एक प्रत आहेच. ती ढगातलीच होती. नियम एवढाच: डिस्कवर उतरल्याशिवाय 'फ्री अप स्पेस'ला हात लावायचा नाही. शिवाय ते बटण दाबल्यावर फोनमध्ये उरतात ते फक्त पुसट छोटे नमुने. नेट नसलं की मोठा फोटो उघडत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगड भागात कितीतरी दिवस ना वीज होती ना मोबाइलचं नेटवर्क. अशा वेळी ढगातला फोटो असून नसून सारखाच.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तेल लावून पाटावर आंघोळ घालतानाचे बाळाचे उघडे फोटो आपल्याकडे घरोघरी काढले जातात. गूगलची यंत्रणा मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य आपोआप शोधते, आणि त्यात असे निर्दोष फोटोही अडकू शकतात. आजीने आंघोळ घातल्याच्या लहानपणीच्या फोटोवरून खातं बंद झाल्याचं असं एक प्रकरण २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेलं. खातं बंद म्हणजे मेल, फोटो, कागदपत्रं, सगळंच अडकतं. म्हणून आंघोळीचे फोटो, तसंच डॉक्टरांना दाखवायला काढलेले पुरळाचे फोटो, आपोआप बॅकअप होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. अँड्रॉइडवर 'लॉक्ड फोल्डर'मध्ये टाकून त्याचा बॅकअप बंद ठेवता येतो; तिथून ते वेळच्या वेळी डिस्कवर न्या, कारण बॅकअप नसताना फोन बिघडला की ते फोल्डरही गेलं.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. ४ बाय ६ ची प्रिंट त्यातून बरी निघते. स्टुडिओतल्या १२ बाय १८ च्या अल्बमच्या पानावर मात्र इंचाला ९० पिक्सेलही मिळत नाहीत आणि चेहरा मेणासारखा दिसतो. दुसरं नुकसान तारखेचं. फोटो कधी काढला ही नोंद वाटेतच गळते, आणि फाइलच्या नावातली तारीख पाठवल्याच्या दिवसाची असते. बारशाचे फोटो काकाने पंधरा दिवसांनी पाठवले की ते पंधरा दिवस पुढे जाऊन बसतात. त्यामुळे नातेवाइकांना सांगायचं ते एकच: 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल, मूळ तारीख. एचडीचं बटण त्यातल्या त्यात बरं, पण मूळ नव्हे.

गूगल फोटोजमध्ये चुकलेली तारीख दुरुस्त करता येते, पण ती दुरुस्ती फोटोच्या फाइलमध्ये लिहिली जात नाही. डाउनलोड केलात की जुनीच तारीख दिसते. कायमची दुरुस्ती हवी तर लॅपटॉपवर डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असलं (असतंच) तर त्यातून आख्ख्या समारंभाचे फोटो एकाच वेळी योग्य तासांनी पुढे-मागे सरकवता येतात. एकाच फोटोच्या लहान-मोठ्या प्रती शोधायचं कामही तेच करतं. गूगल हुबेहूब तीच फाइल दुसऱ्यांदा घेत नाही, पण मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सॲपवरची प्रत त्याच्या लेखी दोन वेगळे फोटो.

डिस्कवरची मांडणी साधी ठेवा. वर्षाचं फोल्डर, आत महिन्याचं, आणि समारंभ असेल तर नाव: '२०२४-०९ गणपती', '२०२५-०१ बोरन्हाण'. आकडे आधी आणि महिना दोन अंकी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. नावं मराठीत चालतात, आकडे मात्र सगळीकडे एकाच कीबोर्डवरचे हवेत. अर्धे देवनागरी, अर्धे इंग्रजी झाले की क्रम विस्कटतो. 'छान फोटो', 'नवीन फोटो', 'नवीन फोटो २' असली फोल्डरं करू नयेत, दोन वर्षांनी त्यांतलं काय नवीन होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

फोन केबलने लॅपटॉपला जोडून उतरवताना एकदम पाच हजार फोटो ओढू नका. मधेच अडकतं आणि कुठवर आलं ते कळत नाही. चार-पाचशेच्या घासाने घ्या, नंतर दोन्हीकडचा आकडा ताडून पाहा. दोन कॅमेऱ्यांच्या फाइलींची नावं सारखी असू शकतात. विंडोजने विचारलं तर 'रिप्लेस' नाही, दोन्ही ठेवा. लॅपटॉपवरून डिस्कवर नेताना फ्रीफाइलसिंक हे सॉफ्टवेअर वापरा. ते डावी-उजवी बाजू ताडून नवीन काय ते दाखवतं. त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' असे पर्याय आहेत. 'अपडेट' निवडा. 'मिरर' लावलं आणि लॅपटॉपवर कुणी एखादं फोल्डर पुसलेलं असलं, तर ते इमानदारीने डिस्कवरूनही पुसून टाकतं.

डिस्क कुठली? घरात राहणारी १ टीबीची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क, आणि प्रवास करणारी एसएसडी. साध्या डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, एसटीच्या धक्क्यांनी नाही तरी हातातून फरशीवर पडल्याने ती जाते. एसएसडीत हलणारं काही नसतं, म्हणून पिशवीत ती बरी. पण ती महाग असते आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. काही महिन्यांनी जोडून चालू करावी लागते. घरात फक्त विंडोज असेल तर डिस्क एनटीएफएस फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ठेवा. एक्सएफएटी हा दुसरा फॉरमॅट मॅकवरही चालतो, पण कॉपी चालू असताना वीज गेली तर त्यात फाइलींची यादीच बिघडण्याचा धोका जास्त. तसंही कॉपीचं काम लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच करा आणि 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल काढू नका. हार्ड डिस्कच्या टोकाची ती चपटी, मधे खाच असलेली केबल फार नाजूक. डिस्क मधेच गायब होऊ लागली तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून पाहा. वर्षातून दोनदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. निळं दिसलं तर ठीक, पिवळ्या 'कॉशन'ला थांबू नका, त्याच दिवशी दुसरी डिस्क आणा.

मग येते ओल. चिऱ्याच्या भिंतीलगतचं कपाट पावसाळ्यात आतून पाझरतं, किनाऱ्याजवळ हवेत मीठही असतं. कनेक्टरच्या पितळेवर हिरवट डाग येतो, तिथून सुरुवात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात डिस्क, केबल आणि रंग बदलणारं सिलिका जेल शंभरेक ग्रॅम. दाणे नारिंगी असतात, ओल शोषली की हिरवे होतात. हिरवे झाले की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास तापवा, परत नारिंगी होतात. निळ्या रंगाचं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं आणि घरात तोंडात वस्तू घालणारं मूल आहे. डबाही वरच्या फळीवरच. तांदळाच्या डब्यात डिस्क पुरणं बंद करा, तांदूळ फारशी ओल ओढत नाहीत आणि पीठ मात्र फटीत जातं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डिस्क अर्धा तास चालवून परत डब्यात ठेवावी. वळवाच्या पावसात विजा कडकडतात तेव्हा डिस्क काही कुठे जोडलेली नसावी.

एवढं करूनही डिस्क घरातच असेल तर घरासोबत जाते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरची कपाटं आतल्या सामानासकट बुडाली. त्या पाण्यात हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह आणि छापील अल्बम यांच्यात फरक नसतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा बॅकअपचा जुना नियम आहे. कोकणात तो पाळायची सोय आधीपासून आहे. प्रत्येक घराचं कुणीतरी मुंबईत असतं आणि शिमग्याला नि गणपतीला ते घरी येतंच. प्रवासाच्या एसएसडी एक नाही, दोन घ्या. एक मुंबईच्या घरी, एक इथे. चाकरमानी गणपतीला येताना जुनी आणतील, जाताना नवी भरलेली नेतील. शिमग्याला परत अदलाबदल. म्हणजे फार तर सहा-सात महिन्यांचे फोटो फक्त घरच्या डिस्कवर आणि गूगलवर उरतात. आगोटीच्या (पावसाळ्यापूर्वीच्या) कामांत मे महिन्यात एक जादा कॉपी करून मुंबईला धाडली तर पावसाळा निर्धास्त. आलेली डिस्क लगेच पुसायला घेऊ नका. आधी वेगवेगळ्या महिन्यांतल्या दहा-बारा फाइली उघडून बघा आणि दोन-तीन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ पहिली पाच सेकंद व्यवस्थित चालतो.

बाकी पर्याय थोडक्यात. आयफोनवाल्यांना आयक्लाउडचे फुकट ५ जीबी बाळाच्या पहिल्या महिन्यालाही पुरत नाहीत, पैसे भरून घेतलं तर सेवा चांगली, पण घरात कुणाचा अँड्रॉइड असेल तर वाटून घेणं कटकटीचं. स्वतःच्या संगणकावर इमिचसारखा (घरचं गूगल फोटोज म्हणावं असा) सर्व्हर चालवणं ज्यांना येतं त्यांना येतं, पण चोवीस तास वीज लागणारी वस्तू आपल्या तालुक्यांत मे ते ऑक्टोबर सांभाळणं सोपं नाही. पेनड्राइव्ह फक्त फोटो स्टुडिओत नेण्यापुरता.

गूगलवरून सगळं परत काढायची सोय म्हणजे टेकआउट. ते चालतं, पण कंटाळवाणं आहे. फोटो वर्षांच्या फोल्डरांत येतात, अल्बमांतले पुन्हा वेगळे येतात, आणि प्रत्येकाच्या शेजारी तारखेची वेगळी जेसन फाइल असते. ती टाकून देऊ नका, तुम्ही ॲपमध्ये केलेल्या दुरुस्त्या तिच्यातच आहेत. नेट कच्चं असेल तर ५० जीबीची एक फाइल मागू नका, २ जीबीचे तुकडे मागा. एक तुकडा फसला तर तेवढाच परत उतरवावा लागतो. लिंक आठवड्याभरात संपते, तेव्हा फायबर जवळ असेल त्याच आठवड्यात मागणी करा.

बाळाच्या नावाने वेगळं जीमेल काढून त्यात फोटो टाकायची हौस अनेकांना असते. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं, आणि भारतात तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकांच्या देखरेखीखालीच काढावं लागतं. आईच्या किंवा बाबांच्या रोजच्या खात्यातच ठेवा, आणि 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये दुसऱ्याचं नाव लावा: ठरवलेले ३ ते १८ महिने खातं वापराविना पडून राहिलं तर गूगल त्या माणसाला कळवतं आणि तुम्ही निवडलेलं सामान उतरवून घेऊ देतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मुंबईच्या डिस्कला पासवर्ड लावला असेल तर तोही त्याच माणसाला सांगून ठेवा.